बाखारेविच यांच्या कादंबऱ्यांतील भाषाविचार

भाषा हे साहित्याचे साधन होय, हे मत सर्वमान्य आहे. परंतु जी भाषा बोलणे म्हणजेच एक पक्ष घेणे ठरते, तिच्यात लिहिणाऱ्याच्या बाबतीत ती केवळ साधन न राहता लेखनाचा विषयच होऊन बसते. बेलारूशी कादंबरीकार आल्हेर्द बाखारेविच यांचे लेखन याचे ठळक उदाहरण होय.

बाखारेविच यांचा जन्म १९७५ साली मिन्स्क येथे झाला. २००७ ते २०१३ हा काळ त्यांनी हाम्बुर्ग येथे व्यतीत केला. १९९५ च्या सार्वमतानंतर बेलारूसमध्ये रशियन भाषेला बेलारूशीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. २००९ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक लोकांनी बेलारूशी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदविली. घरी ती बोलणारे मात्र चतुर्थांशाहूनही कमी निघाले. अशा स्थितीत लेखनपद्धतीची निवडही तटस्थ राहत नाही. १९३३ च्या सुधारणेने बेलारूशी लेखन रशियनच्या अधिक निकट आणले. बाखारेविच तत्पूर्वीच्या, ताराश्केविच यांच्या व्याकरणावर आधारलेल्या परंपरेस अनुसरतात. ‘युरोपची कुत्री’ या त्यांच्या कादंबरीच्या मूळ शीर्षकात ‘युरोप’ या शब्दाचा आद्य स्वर अधिकृत ‘ये’ नसून ‘ए’ आहे. वाद असा मुखपृष्ठापासूनच सुरू होतो.

तथापि त्यांना केवळ भाषाभिमानी लेखक म्हणणे अपुरे होईल. ‘आलिंदार्काची मुले’ (२०१४) या कादंबरीत मुलांची बोली व उच्चार हा आजार मानून तो ‘बरा’ करणारी छावणी आहे. येथवर कथा अपेक्षित वळणाची वाटते. परंतु ज्या पित्याने मुलीला हट्टाने बेलारूशीतच वाढविले, त्याच्या प्रेमातील जुलूमही लेखक झाकून ठेवत नाही. छावणी मुलीची भाषा काढून घेऊ पाहते आणि पिता तिच्यावर ती लादतो. मुलीला काय हवे, हे दोघेही विचारीत नाहीत. या कादंबरीच्या ब्रिटिश अनुवादात रशियनसाठी इंग्रजी व बेलारूशीसाठी स्कॉट्स योजली आहे. दोन भाषांमधील विषम संबंध अनुवादातही टिकविण्याचा हा प्रयत्न लक्षणीय होय.

‘युरोपची कुत्री’ (२०१७) या सहा भागांच्या विस्तृत कादंबरीत हाच प्रश्न पुढे नेला आहे. तीतील एक पात्र ‘बाल्बुता’ नावाची कृत्रिम भाषा रचते. लेखकाने तिचे व्याकरण व शब्दकोशही दिला आहे. कोणत्याही राज्यसत्तेचा व इतिहासाचा भार नसलेली भाषा, हे त्या पात्राचे स्वप्न. परंतु भाषेला दुसरा भाषक मिळाला की तिच्यात समाज येतो, आणि समाजाबरोबर सत्ताही येते. शेवटच्या भागात, सन २०५० च्या सुमारास, एका मृत कवीची ओळख शोधीत एक अन्वेषक युरोपभर फिरतो. भाषेचा वाचकच उरला नाही तर तिच्या कवीची ओळख कोण पटविणार, हा त्या शोधामागील खरा प्रश्न होय. कादंबरीचा विस्तार काही ठिकाणी जाणवतो. परंतु हा प्रश्न तिचे सर्व भाग एकत्र बांधून ठेवतो.

२०२० च्या अखेरीस बाखारेविच यांनी देश सोडला. २०२२ साली ही कादंबरी बेलारूसमध्ये ‘अतिरेकी साहित्य’ ठरविण्यात आली, तर २०२५ साली तिच्या जर्मन अनुवादाच्या निमित्ताने त्यांना लायप्झिगचा युरोपीय सामंजस्याचा ग्रंथ-पुरस्कार लाभला. एकीकडे बंदी व दुसरीकडे सन्मान, यांतून लेखकाची कीर्ती वाढली, हे खरे. परंतु तो सन्मान अनुवादाच्या वाटेने आला आणि बंदी मूळ भाषेच्या वाचकांवर पडली. बाखारेविच यांच्या कादंबऱ्यांनी ज्या संकटाचे चित्र रेखाटले, तेच त्यांच्या ग्रंथाच्या वाट्यास आले.