काचेतला छायाचित्रकार

बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उभे आहेत ते छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पांढरा पोशाख, चेहऱ्यावर सोनेरी काच, पायाखाली राखेसारखी माती. जुलै 1969मध्ये नील आर्मस्ट्राँग यांनी ते टिपलं. छापील चित्रात डोक्यावर भरपूर काळं आकाश दिसतं, पण मूळ चौकटीत ते नाही. मूळ चौकट शिरस्त्राणाला जवळजवळ टेकूनच संपते आणि पाठीवरच्या संचाचा वरचा भाग कापला गेला आहे. क्षितिजही कललेलं आहे. आकाशाची पट्टी प्रसिद्धीसाठी नंतर जोडली गेली. माझं मन मात्र त्या अपुऱ्या, तिरक्या चौकटीतच रमतं.

ती तशी का आली, याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे. हा हॅसलब्लाडचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा, 70 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चौकोनी चित्र घेणारा. चंद्रासाठी त्यातला आरसा आणि वरून पाहायची खिडकी काढून टाकली होती, कारण शिरस्त्राण घातलेला माणूस त्यात डोकावणार कसा? कॅमेरा पोशाखाच्या छातीवर अडकवलेला होता. आर्मस्ट्राँग यांनी हे चित्र डोळ्याने जुळवलेलं नाही. अख्खं शरीर ऑल्ड्रिनकडे वळवून, अंदाजाने घेतलेलं आहे. क्षितिज कललं ते उभ्या माणसाच्या कलण्याने. त्या तिरपेपणात मला छायाचित्रकाराचं अंग जाणवतं, आणि क्षितिज सरळ केलेल्या प्रतीत नेमकं तेच हरवतं.

पण चित्राचा खरा गाभा त्या सोनेरी काचेत आहे. काच फुगीर असल्यामुळे समोरचं सगळं जग तिच्यात मावलं आहे: ‘ईगल’ यान, झेंडा, सौरवाऱ्याचे कण टिपायला उभारलेला पत्रा, ऑल्ड्रिन यांची लांबलचक सावली आणि दूर उभी एक लहानशी पांढरी आकृती. ते आर्मस्ट्राँग. चंद्रावर चालताना कॅमेरा बहुतेक वेळ त्यांच्याकडेच असल्याने त्यांची स्वतःची छायाचित्रं फार थोडी निघाली. दुसऱ्याचं चित्र घेता घेता त्यांचं घडलेलं हे चित्र मला त्या थोडक्यांत सर्वांत सुंदर वाटतं. चेहरा एकाचाही दिसत नाही, तरी चित्र दोघांचं आहे.

काचेतली ती एवढीशी आकृती स्पष्ट ओळखू येते, याचं श्रेय मोठ्या फिल्मला आणि झाइसच्या 60 मिलिमीटर बायोगॉन लेन्सला. पोशाखाची सावलीतली बाजूही काळी पडलेली नाही. तळच्या मातीवरून परतलेला उजेड तिथे पोचतो आणि घडीन्‌घडी दिसते. उजव्या कडेला यानाचा पाय आत शिरला आहे. जुळवून घेतलेल्या चित्रात तो कदाचित टाळला गेला असता. इथे तो आहे म्हणून दोघं यानाच्या किती जवळ होते ते कळतं.

असं चित्र निघायचं, तर आधी कॅमेरा तिथे तगायला हवा.

फिल्मचा कॅमेरा घेऊन रानावनात जाणारे लोक तो ठेवायच्या पेटीची फार चिंता करतात, आणि ती रास्तच आहे. पण स्पंजाने मढवलेली पेटी बंद असेपर्यंतच कॅमेरा जपते, आणि चित्र पेटी उघडल्यावर निघतं. चंद्रावर तर पेटी बंद करून ठेवायची सोयच नव्हती, म्हणून कॅमेऱ्याच्या अंगालाच पेटी व्हावं लागलं. 1962मध्ये अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी अवकाशात नेलेला हॅसलब्लाड, प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून, काळा रंगवला होता. चंद्रावरच्या कॅमेऱ्याचं उलट: उन्हातान्हात आणि गोठवणाऱ्या सावलीत तापमान आवरण्यासाठी तो रुपेरी केला. नेहमीचं वंगण निर्वातात उडून जातं, म्हणून तेही बदललं. चित्रावर पसरलेल्या बारीक अधिक-चिन्हांचाही या जपणुकीशी संबंध आहे. मोजमापासाठीची ती चिन्हं फिल्मला चिकटून बसवलेल्या काचेवर कोरलेली होती. त्या काचेवरून फिल्म सरकताना स्थिर विद्युत साचते आणि ठिणगी पडली तर चित्र डागाळतं. ती विद्युत वाहून जावी म्हणून काचेवर विद्युतवाहक पदार्थाचा अतिशय पातळ थर दिला होता. ही चिन्हं पुष्कळांना चित्रावरचा ओरखडा वाटतात. मला ती यंत्राची सही वाटतात.

पुढच्या वेळी हे छायाचित्र समोर आलं, तर आधी डोक्यावरचं आकाश पाहा. ते भरपूर असेल, तर मूळ चौकट शोधून काढा आणि काचेतल्या त्या लहान आकृतीपाशी थोडं थांबा. तिच्या छातीवर जो कॅमेरा होता, तो परत आला नाही. वजन वाचवायचं होतं, म्हणून फिल्मची मॅगझिनं तेवढी काढून घेतली आणि कॅमेरा चंद्रावरच सोडला.