वार्धक्य : घरातले आणि घराबाहेरचे

मराठी साहित्यातील वार्धक्याचा विचार निघाला की वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) प्रथम आठवते. रंगभूमीवर वैभव भोगलेले गणपतराव बेलवलकर मुलांच्या घरातून बाहेर पडतात आणि अखेर बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आश्रयाला येतात. या नाटकाची थोरवी आम्हांस मान्यच आहे. परंतु येथे रस्ता हे पतनाचे परिमाण आहे. ज्यांचे सारे आयुष्यच रस्त्याच्या कडेला गेले, त्यांच्या म्हातारपणाचे काय, हा प्रश्न नाटकाच्या कक्षेबाहेर राहतो.

त्या प्रश्नाकडे जाणारी वाट दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) सापडते. मुंबईच्या कावाखान्यात कागद-चिंध्या वेचून संसार रेटणाऱ्या स्त्रिया तेथे भेटतात. अशा जीवनात सेवानिवृत्ती हा शब्दच संभवत नाही; हातपाय चालतील तोवर काम करावयाचे, एवढेच.

आमच्या टीकेने मात्र एकाकीपणा आणि मुलांची कृतघ्नता यांनाच वार्धक्याचे मुख्य दुःख मानले. त्यामागे स्वतःचे घर आणि नियमित प्राप्ती गृहीत आहे. दरिद्री वस्तीत नळावरची रांग, गळके छप्पर आणि औषधाचा खर्च यांवरच म्हाताऱ्या माणसाचे सुखदुःख ठरते. ही सामग्री टीकाकाराने क्षुद्र मानू नये.

आदिलाबाद जिल्ह्यातील बोथसारख्या सीमावर्ती गावी मराठी वाचणाऱ्या शिक्षकास मुंबई दूर वाटेल. पण गाव सोडून शहरात गेलेला मजूरही म्हातारा होतोच. त्याच्या मस्तकी कधी राजमुकुट नव्हता, म्हणून त्याची शोकांतिका लहान ठरत नाही.