मुंबईच्या बालमृत्यूचा आंकडा : साधनचिकित्सा

मुंबईच्या इतिहासासंबंधीं अलीकडे जें लेखन आमच्या पाहण्यांत आलें, त्यांतील बहुतेकांत १९२१ सालचा एक आंकडा हटकून आढळतो. त्या वर्षीं शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें ६६७ अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हेंच प्रमाण ८२८, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. आंकडे म्युनिसिपालिटीच्या आरोग्यखात्याचे आहेत, बनावट नाहींत. परंतु कागद अस्सल असला म्हणजे त्यांतील मजकूर खरा असतोच असें नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

येथें ‘नोंदलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गिरणींत काम करणारी रत्नागिरीकडील किंवा साताऱ्याकडील बाई पुष्कळदां बाळंतपणास गांवीं जाई. मुलाचा जन्म तेथील पोलीस पाटलाच्या दप्तरीं लागे. तान्हें घेऊन ती मुंबईस परतली व तें येथें गेलें, म्हणजे मृत्यु मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. शिवाय चाळींतील कित्येक जन्म कोणी कळवीतच नसे. भाजक असा घटल्यावर प्रमाण फुगणारच. उलट, आजारी मूल गांवीं नेलें व तेथें वारलें, तर तें मुंबईच्या यादींतून सुटे. तेव्हां ६६७ हा आंकडा जसाच्या तसा घेणाऱ्यांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं.

पण एवढ्यावरून सर्वच हकीकत अतिशयोक्त ठरविणाऱ्यांचाही नाहीं. त्याच सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनीं गिरण्यांतील बायकांच्या स्थितीची सरकारतर्फें पाहणी केली. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, १५ फूट लांब व १२ फूट रुंद खोलींत, त्यांस सहा चुली आढळल्या. माणसें ३०, आणि सहांपैकीं तीन बायकांचे दिवस भरत आलेले. बाळंतपणाची व्यवस्था कशी करणार असें सोबतच्या नर्सला विचारतां आडोसा करावयाची तीन फूट बाय चार फुटांची जागा दाखविण्यांत आली. या कामकरी बायकांच्या तान्ह्यांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, असेंही बाईंनीं लिहिलें आहे. हा शेंकडाही तपासल्यावांचून आम्ही घेणार नाहीं. चुली मात्र मोजलेल्या आहेत.

सनदा व महजर जिवापाड जपणाऱ्या आमच्या मित्रांस जन्ममृत्यूच्या नोंदवह्या क्षुल्लक वाटतात. कोंकणांत व देशावर जुन्या पाटलांच्या घरीं असे रुमाल आढळल्यास ते रद्दींत जाण्यापूर्वीं उतरून घ्यावे. बापाचें नांव, गांव व तारीख यांवरून ते मुंबईच्या नोंदींशीं ताडतां येतील.