परतवाटेवरचा किचिजिरो

शुसाकू एन्दो (१९२३-१९९६) या जपानी कॅथलिक लेखकाची 'चिन्मोकु' ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. येशूसंघीय फादर विल्यम जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये 'सायलेन्स' या नावाने तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०१६ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांचा तिच्यावरील चित्रपट आला. या कादंबरीविषयीची बहुतेक चर्चा फादर रॉड्रिग्ज या नायकाभोवती फिरते. छळाच्या काळात देव मौन का पाळतो, हा त्याचा प्रश्न. आम्हांला येथे तिच्यातील एका गौण, काहीशा ओंगळ पात्राचा विचार करावयाचा आहे. त्याचे नाव किचिजिरो. धर्मग्रामातील सामान्य कुटुंबाने या पुस्तकातून काही घ्यावयाचे असेल, तर ते त्याच्याकडूनच, असे आमचे मत आहे.

नागासाकी हे नाव आपल्याला परके नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्या २६ रक्तसाक्ष्यांना तेथे क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. आपण त्यांचा सण साजरा करतो, मुलांना त्यांची कथा सांगतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच भूमीवर पुढच्या काळात असंख्य ख्रिस्ती लोक घाबरले आणि पडले. अधिकारी त्यांच्यापुढे ख्रिस्ताची वा पवित्र मरियेची प्रतिमा ठेवीत आणि तिच्यावर पाय देण्यास सांगत. या प्रतिमेला 'फुमी-ए' म्हणत. ज्यांनी पाय दिला, त्यांचा सण नाही, पुतळा नाही. एन्दो यांनी लेखणी उचलली ती त्यांच्यासाठी.

किचिजिरो हा दारूडा कोळी. त्याच्या भावंडांनी श्रद्धेसाठी प्राण दिले. त्याने प्रतिमेवर पाय दिला आणि जीव वाचविला. पुढे तो पुन्हा पाय देतो. चांदीच्या नाण्यांसाठी रॉड्रिग्जला पकडून देतो. आणि प्रत्येक पतनानंतर तो परत येतो. ज्याला त्याने विकले, त्याच धर्मगुरूच्या मागे कैदखान्यापर्यंत जातो, आपण ख्रिस्ती आहोत असे ओरडतो, पापनिवेदनाची याचना करतो. रॉड्रिग्जला त्याची किळस येते. त्याच्या अंगाची दुर्गंधी, त्याची लाचारी, त्याची रड, काहीच त्याला सोसवत नाही. तो पापमुक्तीचे शब्द उच्चारतो, पण त्यांत प्रेम नसते. लेखकाने हे झाकलेले नाही. कुणी वारंवार पडणारा माणूस बऱ्याच वर्षांनी देवळाच्या दारात दिसला की आपल्या बाकांवर जी कुजबुज होते, तिचे मूळ याच किळसेत आहे.

किचिजिरोची तक्रार अशी, की छळ नसलेल्या काळात आपण जन्मलो असतो तर चांगले ख्रिस्ती म्हणून मेलो असतो. देवानेच आपल्याला दुबळे घडविले. ही तक्रार वाचकाच्या काळजाला हात घालते. तरीही येथे सावध राहिले पाहिजे. आपल्या दुबळेपणाचा दोष निर्मात्यावर टाकणारा माणूस अजून अर्ध्याच वाटेवर आहे. त्याला दुःख झाले आहे, परंतु तो अजून घासाघीस करतो आहे.

कादंबरीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो आम्हांला सर्वस्वी निराधार वाटत नाही. अखेरीस रॉड्रिग्ज स्वतःच प्रतिमेवर पाय ठेवतो, आणि त्या क्षणी प्रतिमेतील ख्रिस्तच त्याला तसे करण्याची मुभा देत असल्याचे दाखविले आहे. हे पतनाचे समर्थन नव्हे काय? या प्रसंगाच्या शेवटी दूरवर कोंबडा आरवतो, हे मात्र विसरता कामा नये. त्या एका आवाजाने लेखक आपल्याला पेत्राच्या नाकारण्याची आठवण देतो. कोंबड्यानंतर पेत्र रडला, आणि पुनरुत्थित प्रभूने त्याला सरोवराकाठी पुन्हा हाक दिली. पेत्राने प्रभूला नाकारले ते कोळशाच्या शेकोटीपाशी, आणि त्याच्या प्रेमाची तीनदा विचारणा झाली तीही कोळशाच्या निखाऱ्यांपाशीच, हे संत योहानाने मुद्दाम नोंदविले आहे. परतवाट पतनाच्या जागेवरूनच जाते.

कादंबरीच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. सरकारी दप्तरातील रोजनिशीसारखे ते कोरडे लिहिलेले असल्याने पुष्कळ वाचक ते वरवर चाळून पुस्तक मिटतात. आमच्या मते पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. एदो शहरात नजरकैदेत असलेल्या रॉड्रिग्जच्या घरी किचिजिरो नोकर म्हणून राहतो. तेथे झडतीत त्याच्या गळ्यातील ताइताच्या पिशवीत ख्रिस्ती उपासनेची एक वस्तू सापडते. इतकेच. येथे रड नाही, तक्रार नाही, तक्रारीला उत्तरही नाही. जो प्रतिमा तुडवीत आला, तो शेवटी पवित्र वस्तू गळ्यात बाळगून, पकडले जाण्याचा धोका पत्करून जगत होता.

इतिहासाने या चित्राला दुजोरा दिला आहे. दोनशेहून अधिक वर्षे उराकामी आणि आसपासच्या गुप्त ख्रिस्ती लोकांमध्ये धर्मगुरू नव्हता. फुमी-ए तुडवून घरी आल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. तिला ते 'कोंचिरिसान' म्हणत. पश्चात्ताप या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचेच ते जपानी रूप. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा मंदिरात फादर पेतिजां यांच्यापुढे ते प्रकट झाले. १८६७ साली त्यांची धरपकड झाली आणि छळापुढे पुष्कळांनी श्रद्धा नाकारली. ताकागी सेन्एमोन मात्र अढळ राहिला. त्याला पाहून इतरांना लाज वाटली आणि ते त्याच अधिकाऱ्यांकडे जाऊन म्हणाले, आमचा नकार आम्ही मागे घेतो. पुढे उराकामीचे तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती हद्दपार झाले. सहाशेहून अधिक मरण पावले. १८७३ साली बंदी उठली, तेव्हा उरलेले घरी परतले.

पापनिवेदनापासून वर्षानुवर्षे दूर राहणारे अनेक जण एकच कारण सांगतात: "फादर, मी पुन्हा तेच करणार, मग हे ढोंग कशाला?" यामागे प्रामाणिकपणा आहे, पण एक गैरसमजही आहे. ख्रिस्तसभा पश्चात्तापात दोन गोष्टी मागते: झाल्या पापाचे दुःख आणि पुन्हा पाप न करण्याचा निश्चय. निश्चय म्हणजे भविष्यकथन नव्हे. आज खऱ्या मनाने केलेला निश्चय उद्या मोडला, म्हणून तो आज खोटा ठरत नाही. सर्वस्वाने परतणे म्हणजे कधीही न पडल्याचा दाखला आणणे नव्हे. परतताना हातचे काही राखून न ठेवणे होय. दारूची बाटली कपाटात ठेवून, भावाशी धरलेला अबोला तसाच ठेवून परतता येत नाही. पण उद्याच्या भीतीने आज उंबऱ्याबाहेर उभे राहण्याचेही कारण नाही.

एन्दो यांचा बाप्तिस्मा बालपणी आईच्या इच्छेने झाला होता. ही श्रद्धा म्हणजे आईने अंगावर चढविलेला, अंगाला न बसणारा पाश्चात्त्य सूट आहे, असे ते म्हणत. तो त्यांनी टाकून दिला नाही. आयुष्यभर तो आपल्या मापाचा करीत राहिले. आपणा बहुतेकांनाही श्रद्धा आईच्या मांडीवरच लाभली. म्हणून येत्या उपवासकाळात हे पुस्तक वाचावे, परिशिष्टासह वाचावे, आणि मग पापनिवेदनाच्या रांगेत आपल्या पुढे किचिजिरो उभा असेल, तर त्याला धक्का न देता त्याच्या मागे उभे राहावे.