घाटाचा राजा आणि त्याचे सालदार

आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात सायकलची शर्यत कशाला? आणि तीही रिठदमध्ये, जिथून बोरघाट काही शे किलोमीटरवर आहे? आमचं उत्तर सोपं आहे. आज आम्ही एका शब्दाची समीक्षा करणार आहोत. तो शब्द म्हणजे 'राजा'. तो कुणाला लावतात आणि लावताना काय झाकलं जातं, हे बघायला सायकलच्या शर्यतीतला घाट फार सोयीचा आहे.

मुंबई–पुणे सायकल शर्यत ही महाराष्ट्रातली जुनी शर्यत, १९४०च्या दशकात सुरू झालेली. मुंबईहून निघालेला सायकलपटू खोपोलीपर्यंत बहुतेक सपाटीवर असतो. खोपोली सुटली की बोरघाट लागतो आणि खंडाळ्यापर्यंत जवळपास पाचशे मीटर उंची चढावी लागते. हा घाट जो सगळ्यांत आधी चढतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शर्यत तिथं संपत नाही, पुणं अजून साठ-पासष्ट किलोमीटर राहिलेलं असतं. म्हणून घाटाचा राजा आणि शर्यतीचा विजेता एकच असेल असं नाही.

हीच गोष्ट जगातल्या मोठ्या शर्यतीतही आहे. 'टूर द फ्रान्स' १९०३ साली सुरू झाली. १९१० मध्ये तिच्यात पिरेनिज पर्वतातल्या उंच खिंडी आल्या. १९३३ पासून डोंगर चढणाऱ्यासाठी वेगळा मान ठेवला गेला आणि १९७५ पासून त्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा सदरा मिळू लागला. आणि डोंगराचा टप्पा आला की वर्णन करणारे सगळीकडे एकच भाषा बोलतात. इथं माणूस एकटा असतो, इथं कुणाची मदत चालत नाही, इथं ज्याची लायकी तोच वर जातो. घाट खोटं बोलत नाही, असा त्या भाषेचा मथितार्थ.

आम्ही म्हणतो, घाट खोटं बोलत नाही हे कबूल. पण तो अर्धंच बोलतो.

आता या समजुतीत खरं किती, ते आधी बघू. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगात सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. समोरून वारा असताना ज्यानं शेतावरून घरापर्यंत सायकल हाणली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी पुढच्याच्या चाकाला लागून चाललं, तर मागच्याचे साधारण पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात. घाटात मात्र वेग निम्म्यावर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे वेग निम्मा झाला की तो चौथाईवर येतो. आता खरं भांडण वजनाशी असतं. स्वतःचं साठ आणि सायकलचं सात-आठ किलो वजन पाचशे मीटर वर उचलायचं. ते दुसरं कुणी उचलून देत नाही. म्हणून घाटात आडोशाची किंमत उतरते आणि माणूस एकटा दिसतो.

पण हा माणूस घाटाच्या पायथ्याशी कुठल्या अवस्थेत पोचला, हे कोण विचारतं? व्यावसायिक संघात सहा-सात-आठ जण असतात आणि त्यांतला बहुधा एकच जण जिंकण्यासाठी असतो. बाकीचे दिवसभर त्याच्यापुढं राहून वारा खातात. मागं मोटारीपर्यंत जायचं, सदऱ्यात पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या आणि पुन्हा जोर लावून सगळ्यांना त्या पोचवायच्या, हे त्यांचं काम. चढ सुरू झाला की एकेक जण शेवटची ताकद लावतो आणि बाजूला होतो. मग त्यांना मागच्या घोळक्यातून ठरलेल्या मुदतीत शेवटची रेषा गाठावी लागते. मुदत हुकली तर शर्यतीबाहेर. म्हणजे ज्याचे पाय ताजे राहिले, त्याच्या ताजेपणाची किंमत दुसऱ्यांच्या पायांनी चुकवलेली असते.

या माणसांना फ्रेंचमध्ये 'दोमेस्तीक' म्हणतात, म्हणजे घरगडी. हा शब्द आधी शिवी होती. 'टूर'चे संस्थापक आँरी देग्रांज यांना शर्यतीत एकानं दुसऱ्याला मदत केलेली खपत नसे. १९११ मध्ये मोरिस ब्रोको नावाच्या सायकलपटूनं स्वतःची संधी गेल्यावर दुसऱ्यासाठी गाडी ओढली, तेव्हा देग्रांज यांनी त्याला तिरस्कारानं हा शब्द लावला. पुढं शिवीचं पदनाम झालं. आपल्याकडं याला नेमका शब्द आहे, सालदार. वर्षाच्या बोलीवर राबणारा. पीक उभं राहतं त्यात त्याचा घाम असतो, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नसतं.

आता एक उदाहरण घेऊ, ज्यात राजा आणि सालदार एकाच माणसात सापडतात. १९३४ ची 'टूर', तेव्हा देशांचे संघ उतरत. फ्रान्सच्या संघात रने व्हिएतो हा वीस वर्षांचा पोरगा होता. आल्प्समध्ये त्यानं टप्पे जिंकले होते. संघाचा म्होरक्या आंतोनँ माग्न एकूण हिशेबात पहिला होता. पिरेनिजमध्ये एका उतारावर माग्नचं चाक मोडलं. व्हिएतोनं आपलं चाक काढून दिलं आणि मदतीची गाडी येईतोवर रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिला. त्याचा तो रडवेला फोटो आजही छापला जातो. दुसऱ्या दिवशी तर तो पुढं निघून गेला होता. माग्न पुन्हा अडल्याचं कळल्यावर तो वळून उलटा चढ चढत मागं आला आणि अख्खी सायकल देऊन मोकळा झाला. माग्न शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला आणि डोंगराचा मान त्यालाच मिळाला.

ही गोष्ट सांगताना बरेच जण म्हणतात, पोराचा मुकुट गेला. हे अतिशयोक्त आहे. शेवटी तो माग्नच्या सुमारे तासभर मागं होता, दोन दिवसांच्या त्यागानं तेवढं अंतर पडत नाही. आम्हाला या गोष्टीत वेगळं महत्त्वाचं वाटतं. त्या फोटोमुळं व्हिएतोचं देणं लोकांना दिसलं, म्हणून तो लक्षात राहिला. ज्यांचा फोटो निघाला नाही, असे देणारे प्रत्येक शर्यतीत असतात.

इथं कुणी रास्त आक्षेप घेईल. सर, आडोसा तर दहा जणांना मिळाला, मग वर पहिला एकच का आला? त्याची काहीच कर्तबगारी नाही का? आहे, निश्चित आहे. पण दोन विधानांत फरक करा. 'हे मी कमावलं' हे एक. 'हे मी एकट्यानं कमावलं' हे दुसरं. पहिलं खरं असताना दुसरं खोटं असू शकतं. चढावरचा दम राजाचाच असतो, यात वाद नाही. तो दम तिथवर शाबूत राहिला, हे मात्र सगळ्यांचं काम होतं. 'राजा' हा शब्द पहिल्या विधानाच्या पावतीवर दुसरं विधान वसूल करतो, हा आमचा त्याच्यावर आक्षेप आहे.

आणखी एक. लायकी कशाला म्हणायचं, हे डोंगर ठरवत नाही. रेषा कुठं ओढली त्यावर ते ठरतं. १९३३ साली डोंगराचा पहिला मान मिळवणारा स्पेनचा विसेंते त्रुएबा चढावर भारी होता, पण उतारावर वेळ गमवायचा. एकूण निकालात तो सहावा आला. पुढं १९५२ मध्ये 'टूर'चा टप्पा पहिल्यांदा डोंगरमाथ्यावर, आल्प द्युएझला संपवला गेला आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. रेषा वर ओढली तर चढणारा मोठा, खाली ओढली तर उतरणारा. खंडाळ्यात ओढली तर एक राजा, पुण्यात ओढली तर दुसरा. रेषा ओढायला आमची हरकत नाही, तिच्यावाचून खेळच नाही. पण ती माणसानं ओढली आहे, हे विसरू नये.

हे सगळं रिठदमध्ये कशासाठी? दरवर्षी गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. पोलीस भरती झालेला, स्पर्धा परीक्षा पास झालेली, डॉक्टरकीला लागलेला. भाषणात हमखास वाक्य येतं, 'स्वतःच्या बळावर वर आला.' परीक्षेच्या खोलीत तो एकटाच होता, हे खरं. तोच त्याचा घाट. पण खोलीच्या दारापर्यंत वारा कुणी खाल्ला? धाकटीची शाळा सुटली असेल, आईनं निंदणाला जास्तीचे दिवस काढले असतील, सोयाबीनच्या पैशात आधी क्लासची फी निघाली असेल. हे बोललं नाही तर नुसता कृतघ्नपणा होतो असं नाही, नुकसान पुढच्या पोराचं होतं. वर पोचलेला म्हणतो, मला कुणी दिलं नाही, मग यांना का द्यावं? आणि जो मागं पडला त्याला आपण कमकुवत ठरवतो. त्याच्यापुढं वारा अडवायला कुणी होतं का, हे विचारतसुद्धा नाही.

बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. लोककथा सांगते की इंग्रजांना घाटातली वाट सापडत नव्हती, ती या धनगरानं दाखवली आणि बदल्यात त्याला गोळी मिळाली. आजही तिथून जाणारे ड्रायव्हर हात जोडतात, नाणं टाकतात. कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल हा प्रश्न वेगळा. पण वाट दाखवणाऱ्याचं नाव ठेवायची रीत त्या घाटात आहे, हे खरं.

म्हणून आमची सूचना अगदी व्यवहारातली आहे. पुढच्या सत्कारात सत्कारमूर्तीनं बोलायला उभं राहिल्यावर आधी तीन नावं घ्यावीत, आपल्यासाठी कुणी वारा खाल्ला त्यांची. शाल-श्रीफळ नंतर. एवढं बोलून आम्ही थांबतो. आता प्रश्न विचारा.