चौदाव्या घराचा तक्ता

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत ऋतुचक्राचा एक तक्ता हमखास टांगलेला असतो. अठ्ठावीस घरांचे वर्तुळ, पहिली चार-पाच घरे लाल, आणि बरोबर चौदाव्या घरात अंडाशयातून बाहेर पडणारी अंडपेशी. परीक्षेला तो सोयीचा आहे, आणि त्यातले बरेचसे बरोबरही आहे. पण तो दाखवतो सरासरी, आणि पाहणाऱ्याला वाटतो नियम. माझी तक्रार एवढ्यासाठीच आहे.

करवीर तालुक्यातल्या आमच्या शाळेत हा धडा शिकवताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, म्हैस माजावर आलेली दिसते की. मग बाईचं तारखेवरनं का मोजायचं?" वर्ग हसला, मुलींनी माना खाली घातल्या. मीही 'नंतर सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र तक्त्यापेक्षा चांगला होता.

कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. इथल्या पोरांना माजाची लक्षणे पुस्तकाआधी गोठ्यात कळतात. म्हैस ओरडते, चारा कमी खाते, सारखी थोडी थोडी मुतते, आणि निरणातून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो. त्यालाच बळस म्हणतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एकवीस दिवसांचा हिशेब असतो, पण तो नजर कधी ठेवायची एवढ्यापुरता. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते, तेव्हा तर नजर आणखी बारीक लागते.

बाईला माज नसतो. तुलना इथे थांबते. तरीही गर्भाशयमुखाचा स्राव इस्ट्रोजेन वाढले की बळसासारखाच पालटतो. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग दाट पांढुरका स्राव येतो. अंडमोचन जवळ आले की तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक होतो आणि दोन बोटांत ताणला तरी चटकन तुटत नाही. शुक्रपेशींना वाट मिळते ती याच स्रावातून. अंडमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे तो पुन्हा घट्ट होतो. काहींना ओटीपोटात एका बाजूला दुखते. अंथरुणातून उठण्याआधी मोजलेले तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते, पण अंडमोचन होऊन गेल्यावर. म्हणजे गाडी सुटल्यावर वाजणारी घंटा. औषधांच्या दुकानात मिळणारी लघवी तपासायची पट्टी मात्र साधारण एक-दीड दिवस आधी सूचना देते.

तक्त्याची खरी चूक मोजण्याच्या दिशेत आहे. अंडमोचनापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुधा दहा ते सोळा दिवसांचा, सरासरीने चौदा. लांबतो-आखडतो तो मुख्यतः पहिला भाग. जपानी वैद्य ओगिनो यांनी १९२४ मध्येच पुढच्या पाळीपासून मागे मोजायला सांगितले होते. तक्ता अजून पुढेच मोजतो. २००० साली विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ अमेरिकन स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. गर्भधारणेला अनुकूल असे सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांत बसले, अशा स्त्रिया त्यांत सुमारे ३० टक्केच होत्या.

शुक्रपेशी पाच दिवसांपर्यंत टिकते, अंडपेशी फार तर एक दिवस. म्हणून महत्त्वाचे असतात ते आधीचे दिवस. पस्तीस दिवसांची पाळी असलेल्या बाईचे अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास. अनुकूल दिवस सोळा ते एकवीस. तक्त्यावर विश्वासून चौदावा दिवस धरणारे जोडपे महिनोन् महिने चुकत राहते. आणि बोल लागतो तो सुनेला.

तक्त्यात पुरुष कुठेच नाही, हे दुसरे उणे. वर्षभर प्रयत्न करून मूल राहिले नाही (पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिने), तर तपासणी दोघांची व्हावी लागते. त्यात वीर्यतपासणी सर्वांत सोपी, आणि आपल्याकडे बहुधा सर्वांत शेवटी होणारी.

पुढच्या वर्षी तक्त्याखाली मी चोवीस आणि पस्तीस घरांच्या दोन पट्ट्या चिकटवल्या. अंडमोचनाचे घर शेवटाकडून मोजून मुलींनीच रंगवले: एकीवर दहावे, दुसरीवर एकविसावे. म्हशीवाला मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता.