तयार इमेज की तिची कृती? : कर्जत तालुक्यातील खैरातच्या निमित्ताने शेल स्क्रिप्टची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात शेल स्क्रिप्टला मिळणारे स्थान बहुधा प्रात्यक्षिकाच्या वहीपुरते असते. मूळसंख्या शोधणे, फायली मोजणे, वेतनपत्रक छापणे अशी काही उदाहरणे झाली की तो घटक संपतो. प्रत्यक्षात अनेक संगणक एकसारखे सिद्ध करण्याचे काम दीर्घकाळ मुख्यतः याच स्क्रिप्टवर चालत आले आहे. कार्यप्रणाली, उपयोजने, टंक, कळफलक आणि सुरक्षेची मांडणी एका फायलीत गोठवायची आणि ती फाईल प्रत्येक यंत्रावर उतरवायची, असे या कामाचे स्वरूप असते. या गोठविलेल्या फायलीस प्रयोगशाळांत सरसकट ‘इमेज’ म्हटले जाते. ऑस्लो येथे १९९३ मध्ये सुरू झालेले सीएफइंजिन, कोलोन विद्यापीठात १९९९ मध्ये आकारास आलेले ‘एफएआय’ आणि २०१३ मधील पॅकर ही या वाटेवरील परिचित साधने होत. साधन कोणतेही असो, त्याच्या पोटात कोठेतरी शेलच्या ओळी असतातच.

इमेज आणि ती घडविणारी स्क्रिप्ट यांत शिजलेले अन्न आणि त्याची कृती यांच्याइतकाच फरक आहे. इमेज वापरता येते, वाचता येत नाही. स्क्रिप्ट वाचता येते, आणि कोणता निर्णय कोठे घेतला गेला हे तिच्यात ओळीवर बोट ठेवून दाखविता येते. ही कृती कोणाच्या हाती राहते, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

खैरातची शाळा आणि एक्सओ संगणक

या प्रश्नासाठी रायगड जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत सुरू झाला. त्यापूर्वी वर्षभर आधी, २००६ मध्ये, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या उपक्रमात सहभागी होण्यास नकार दिला होता. त्या पार्श्वभूमीवर एका वाडीवरील शाळेतील हा प्रयोग लक्षणीय ठरला. मुलांच्या हाती आलेला ‘एक्सओ’ हा संगणक आजच्या मानाने अगदीच मर्यादित होता : ४३३ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, २५६ मेगाबाइट स्मृती आणि १ गिगाबाइट साठवण. त्यावर फेडोरा लिनक्सवर बेतलेली कार्यप्रणाली आणि ‘शुगर’ हा मुलांसाठी रचलेला दर्शनी भाग होता.

शुगरबद्दल, मुलांच्या शिकण्याबद्दल आणि यंत्राच्या किमतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. ती इमेज कशी घडत होती, याकडे मात्र शिक्षणक्षेत्रातील समीक्षकांनी क्वचितच पाहिले. आरंभीच्या काळात हे काम ‘पिलग्रिम’ नावाच्या शेल स्क्रिप्टने होत असे. एका रिकाम्या निर्देशिकेत फेडोराची पॅकेजे बसवायची, त्या निर्देशिकेलाच मूळ मानून आतील मांडणी पूर्ण करायची आणि शेवटी तिची फ्लॅश साठवणीस योग्य अशी फाईल बनवायची, हा तिचा क्रम. येथवर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. दोष आहे तो अशा स्क्रिप्टच्या वाढीत. ‘ही फाईल काढून टाका’, ‘ही ओळ बदला’, ‘ही सेवा बंद करा’ अशा दुरुस्त्या एकामागून एक शेपटाला जोडल्या जातात. प्रत्येक दुरुस्तीला तिच्या वेळी कारण असते, पण ते कारण स्क्रिप्टमध्ये क्वचितच लिहिले जाते. मग वर्षभराने ती ओळ काढण्याचे धाडस कोणी करत नाही.

पुढे ‘ओएलपीसी-ओएस-बिल्डर’ आला. त्याने हीच रचना सुटी केली. प्रत्येक विषयाची स्वतंत्र निर्देशिका, तिच्यात क्रमांक दिलेल्या छोट्या स्क्रिप्टा, आणि या सर्वांना दिशा देणारी एक साधी मांडणी-फाईल. एखाद्या देशाला आपला कळफलक, आपली भाषा, आपली पुस्तके इमेजमध्ये घालायची असतील तर ती मांडणी-फाईल बदलणे पुरेसे होऊ लागले. येथे केवळ तांत्रिक नीटनेटकेपणा वाढला असे मानणे अपुरे होईल. आधीची स्क्रिप्ट तिच्या लेखकांसाठी होती, नंतरची तिच्या वापरकर्त्यांसाठी. नेपाळमध्ये तेथील स्थानिक संस्थेने स्वतःची इमेज तयार करून शाळांना दिली. नेपाळीची लिपीही देवनागरीच आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे.

तरीही एक अडसर राहतोच. एक्सओची सुरक्षारचना अशी होती की कुलूपबंद अवस्थेतील यंत्र केवळ स्वाक्षरी केलेली इमेजच स्वीकारी, आणि कुलूप उघडण्यासाठी त्या त्या यंत्राची स्वतंत्र ‘डेव्हलपर की’ लागे. चोरीस आळा बसावा हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु स्क्रिप्ट सर्वांना खुली आणि तिचे फलित यंत्रावर उतरविण्याची किल्ली मात्र दुसऱ्याकडे, ही स्थिती अर्धवट स्वातंत्र्याची होय. खैरातच्या शिक्षकास कोणती अडचण आली याचा हा वृत्तान्त नव्हे. आक्षेप रचनेवर आहे.

एक ओळ आणि दोन अक्षरे

इमेजच्या स्क्रिप्टमधील निर्णय किती सूक्ष्म असतात, हे मराठीच्या संदर्भात विशेष जाणवते. युनिकोडमध्ये ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांना प्रत्येकी एकच संकेतांक आहे. मराठी वळण आणि हिंदी वळण यांत भेद तेथे नाही; तो टंकात आहे. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि यंत्राच्या भाषा-निर्देशावरून त्यांपैकी एक निवडले जाते. म्हणजे स्क्रिप्टमधील भाषेच्या ओळीत ‘मराठी-भारत’ असेल तर मुलाला एक ‘ल’ दिसेल, ‘हिंदी-भारत’ असेल तर दुसरा. चूक झाली तरी कोणताही दोष-संदेश येत नाही. इमेज सुरळीत घडते आणि शंभर यंत्रांवर सुरळीत उतरते.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय नोव्हेंबर २००९ मध्ये प्रसृत केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो सुधारून पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. ज्या शाळेकडे केवळ तयार इमेज आहे तिला असा निर्णय प्रत्येक यंत्रावर हाताने राबवावा लागतो, किंवा तो सोडून द्यावा लागतो. जिच्याकडे स्क्रिप्ट आहे तिला एक-दोन ओळी बदलून इमेज पुन्हा घडविता येते.

याच जातीचा आणखी एक दोष आहे. स्क्रिप्ट वेगाने आणि निश्चितपणे चालावी म्हणून तिचे लेखक आरंभी भाषा-निर्देश ‘सी’ असा ठेवतात. ही सवय योग्यच आहे. मात्र तो निर्देश चुकून इमेजच्या आत झिरपला, तर मराठी नावाच्या फायलींच्या यादीत अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसू लागते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील प्रथा

आपल्याकडील प्रयोगशाळांत सामान्यतः याहून सोपा मार्ग धरला जातो. एक यंत्र हाताने सजवायचे, त्याची हुबेहूब प्रत काढायची आणि ती इतरांवर ओतायची. वेळ वाचतो हे खरे. पण त्या प्रतीबरोबर पहिल्या यंत्राची ओळखही सर्वत्र जाते. दूरस्थ प्रवेशासाठीच्या एसएसएच किल्ल्या सर्व यंत्रांवर एकच राहतात, त्यामुळे एका यंत्राची गुप्त किल्ली ज्याच्या हाती गेली त्याला इतरांचे सोंग घेता येते. जुन्या लिनक्स आवृत्त्यांत पहिल्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक एका नियम-फायलीत नोंदलेला असे. प्रत उतरविलेले यंत्र आपले कार्ड ‘एथ०’ ऐवजी ‘एथ१’ समजे आणि नेटवर्क बंद पडे. अनेक प्रयोगशाळा-साहाय्यकांनी याचा दोष केबलला दिला असावा! चांगली स्क्रिप्ट अशा फायली इमेज बंद करण्यापूर्वी काढून टाकते आणि प्रत्येक यंत्र प्रथम सुरू होताना त्या नव्याने निर्माण करविते.

कुंभिवलीची कसोटी

स्क्रिप्टची खरी परीक्षा मात्र वातानुकूलित प्रयोगशाळेत होत नाही. कल्पना करावी की याच कर्जत-खालापूर पट्ट्यातील कुंभिवलीच्या शाळेत दहा जुने संगणक सिद्ध करावयाचे आहेत. दिवस जुलैचे आहेत, सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस आहे, इंटरनेटचा भरवसा नाही आणि पाचव्या यंत्रावर काम चालू असता वीज जाते. शेलचा मूळ स्वभाव असा की एखादी आज्ञा फसली तरी ते पुढच्या ओळीवर जाते. चकती जोडली गेली नाही, तरी ‘या निर्देशिकेतील सर्व पुसा’ ही आज्ञा चालतेच. फक्त ती भलत्याच निर्देशिकेत चालते. म्हणून ‘सेट -ई’ ही ओळ वर लिहून पहिल्या अपयशाला थांबणे हा किमान शिष्टाचार होय. तोही पूर्ण संरक्षण देत नाही, कारण ‘जर’च्या अटीत आलेले अपयश या ओळीला दिसत नाही.

वीज परत आल्यावर तीच स्क्रिप्ट पुन्हा चालविता येते काय, हा दुसरा प्रश्न. ‘या फायलीत ही ओळ जोडा’ असे लिहिलेली स्क्रिप्ट दोनदा चालविली तर ओळ दोनदा जोडली जाते. ‘ही ओळ नसेल तर जोडा’ असे लिहिलेली कितीही वेळा चालविता येते. पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुतांशी पहिल्या प्रकारची असतात, आणि विद्यार्थी तेच उचलतो.

स्क्रिप्टची बाजू घेताना तिची एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. स्क्रिप्टही नासते. फेडोराच्या प्रत्येक आवृत्तीस सुमारे १३ महिनेच पाठबळ मिळते, त्यानंतर तिची पॅकेजे जुन्या संग्रहात हलविली जातात. २००७ मधील स्क्रिप्ट आज जशीच्या तशी चालविल्यास ती ज्या पत्त्यांवर पॅकेजे मागेल तेथे ती मिळणार नाहीत. गोठविलेली इमेज तेव्हाही उतरत होती, आजही उतरेल, हा तयार इमेजच्या पक्षातील सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. त्याचे उत्तर स्क्रिप्टच्या बाहेर शोधावे लागते : तिने ज्या पॅकेजांवर काम केले ती सर्व, त्यांच्या आवृत्ती-क्रमांकांसह, तिच्याच शेजारी साठवून ठेवणे. डेबियन प्रकल्पाने आपल्या पॅकेजांच्या दररोजच्या स्थितीचा संग्रह खुला ठेवून हेच मोठ्या प्रमाणावर केले आहे. तालुक्याच्या महाविद्यालयास त्यासाठी एक जादा हार्ड डिस्क पुरते. कुंभिवलीच्या शाळेत तीच डिस्क नेली तर इंटरनेटची गरजही उरत नाही. मात्र पॅकेजांचा पत्ता स्क्रिप्टच्या पोटात न लिहिता तिच्या आरंभी, बदलता येईल असा, ठेवलेला असला पाहिजे.